अपेक्षा कुणाची पोरगी?

दिपालीला आज विचारा, आधी ती तोंडावर ओढणी धरून पोटभर हसून घेईल आणि मगच कबूल करील: झुंबरबाई पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा तिला वाटलं होतं, म्हातारीला स्वतःचंच लग्न करायचंय.

आता यात दिपालीचं तरी काय चुकलं हो? जामखेडला खर्डा चौकाच्या जरा पुढं तिचं झेरॉक्सचं दुकान. आधार-पॅनची झेरॉक्स, पोरांची प्रिंट, लग्नाचे बायोडाटे, सगळं तिथं. दसरा नुकताच झालेला. भर दुपारी कपाळावर गोंदलेली एक काटक बाई आली, चपला बाहेर काढल्या (झेरॉक्सच्या दुकानात! आत जसं काय महादेवाची पिंड ठेवलीय), काउंटरला दोन्ही हात टेकले आणि म्हणाली, "पोरी, लग्नाचा कागद काढ."

"कुणाचा, मावशी?"

"माजा."

दिपालीनं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा कॉम्प्युटरकडं. मनात म्हणाली, शाब्बास गं बाई. आमच्याकडं चाळिशीच्या बाया ओठाला लिपस्टिक लावायला घाबरतात, आणि ही बघ.

"वय?"

"आसंल पन्नास-पंचावन."

"पहिलं लग्न?"

"झालं की. मालक वारलं."

"काम काय करता?"

"ऊस तोडते."

"बरं, मग," दिपाली जरा लाजतच म्हणाली, "नवरा कसा पाहिजे मावशी? वयानं मोठा चालेल?"

झुंबरबाईनं काउंटरवर अशी थाप मारली की स्टेपलरनं उडी घेतली. "नवरा कशाला पायजे गं भवाने! सून पायजे मला, सून! माज्या हनुमंताला बायको!"

झालं. दिपालीनं सगळं पुसून नव्यानं टाइप करायला घेतलं. हनुमंत, वय तिशी ओलांडलेलं. बारावीपर्यंत शाळा. दीड एकर, तेही आभाळाच्या भरवशावरचं. घरात आई आणि तो. काम, ऊसतोड. दिपालीच्या बोटांना हे सगळं पाठ. असल्या पोरांचे बायोडाटे ती रोज काढते, आणि मुलींकडचेही काढते, त्यामुळं कुठला कागद कुठल्या कागदाला भेटणार नाही हे तिला आधीच कळतं. मुलींकडच्या कागदावर खाली लिहिलेलं असतं: पुण्यात नोकरी, स्वतःचं घर, सासू-सासरे फोटोत असले तरी चालतील. (हे शेवटचं कुणी लिहीत नाही, पण असतं.) आणि पोरांकडचे सगळे लिहितात ‘अनुरूप’. मिळंल ती, हो म्हणंल ती, असा त्याचा खरा अर्थ.

सगळं झाल्यावर दिपाली म्हणाली, "मावशी, आता शेवटचं. अपेक्षा?"

"आं?"

"अपेक्षा, अपेक्षा. काय लिहू?"

आणि नेमकी त्याच वेळी कॉलेजची पोरं घुसली. ताई प्रिंट, ताई लवकर, ताई बस जाईल. त्यात प्रिंटरनं कागद गिळला. दिपाली खाली बसून त्याच्या पोटात हात घालून कागद ओढायला लागली. वरून झुंबरबाईचा आवाज आला, एकदम मऊ, साखर पेरलेला:

"कशी हाय गं?"

दिपालीला वाटलं, मशीनबद्दल विचारतेय. "चांगली आहे हो. जरा जुनी झालीय. मधनंच अडकती, पाठीत एक धपाटा घातला की चालती."

"आमचा तरी कुठं कवळा हाय. आन कामाला?"

"कामाला वाघीण! सकाळपासून उभीच आहे बघा, एक मिनिट दम नाही."

"मग लिव्ह तर. माजी काय ना न्हाई," झुंबरबाई म्हणाली, आणि दिपालीनं डोकं वर काढेपर्यंत चपला घालून खर्ड्याकडची यष्टी पकडायला गेलीसुद्धा. कागद तिथंच राहिला.

तुम्ही हसा, पण आधी ही बाई अशी एका नावावर झडप का घालते ते ऐका. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यानं तोडायचं, तिनं मोळी बांधायची, डोक्यावर घ्यायची, फळीवरून ट्रकात चढवायची. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्याला टोळीत कुणी धरत नाही. झुंबरबाई नवऱ्यासोबत पूर्ण कोयता होती. तो गेला तशी ती अर्धी झाली. मग पोरगा मिसरूड फुटायच्या आत उसाच्या फडात उतरला आणि मायलेक मिळून पुन्हा एक कोयता झाला. तो इतकी वर्षं चालला. पण आता बाईचे गुडघे गेले. उठताना भिंत लागते, बसताना देव आठवतो. मागच्या हंगामात मोळीसकट फळीवरून खाली आली होती. मुकादम बिभीषणनं स्पष्ट सांगितलं, "औंदा जोडी आना, न्हाई तर घरी बसा." आणि घरी बसायला घरात काय असावं लागतं, ते त्या घरात नव्हतं.

म्हणून तर. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथं तर अख्खी पोरगी सापडली होती. जुनी, पण वाघीण.

बाजाराच्या दिवशी ती परत आली. या खेपेला हनुमंत सोबत. उंच, उन्हानं रापलेला, इस्त्रीचा शर्ट, आणि त्या शर्टात असा अवघडलेला की शर्ट भाड्यानं आणलाय असं वाटावं. झुंबरबाईच्या पिशवीत नारळ आणि हिरवा खण. दुकानात रिटायर झालेले काकासाहेब गुरुजी पेपर वाचत बसले होते. त्यांचा पेपर रोज दिपालीच्या दुकानातच संपतो, चहा पण.

"बोलाव तिला," झुंबरबाई म्हणाली.

"कुणाला?"

"आगं अपेक्षाला! पोरगं बघून घिऊ दे. मी मुकादमाला सांगूनबी ठिवलं, औंदा कोयता पुरा हाय म्हनून."

दिपालीच्या हातातली कात्री तशीच राहिली. त्या दिवशीचं एकेक वाक्य तिला उलट्या क्रमानं आठवायला लागलं: वाघीण, धपाटा, जुनी झालीय. अगं आई गं.

"मावशी," ती कशीबशी म्हणाली, "अपेक्षा म्हणजे... ती पोरगी नाही हो."

"मग काय, बाई हाय? घटस्फोटाची हाय का? आसू दे की, चालंल."

"नाही, तो शब्द आहे. शब्द!"

गुरुजींनी पेपर खाली ठेवला. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेलं, शब्दाचं नाव निघाल्यावर गप्प कसं बसवेल! चष्मा वर सरकवून म्हणाले, "बाई, हा संस्कृत शब्द आहे. यातलं मूळ आहे ईक्षा. ईक्षा म्हणजे बघणं. परीक्षा, प्रतीक्षा, उपेक्षा, अपेक्षा, या सगळ्या त्याच घरच्या. सख्ख्या बहिणीच म्हणा."

झुंबरबाईचा चेहरा पुन्हा उजळला. "चार बहिनी हायत? मग थोरलीचं न्हाई जमलं तर न्हाई. ती पर्तीक्षा तरी मोकळी हाय का?"

एरवी या वाक्यावर दिपाली महिनाभर हसली असती. त्या दिवशी तिला हसू आलं नाही. कारण हनुमंताला कधीच कळलं होतं. तो स्वतःच्या बुटांकडं बघत उभा होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

"आये, चल," तो म्हणाला. "पोरगी न्हाई. कुनीच न्हाई. लिव्हायचं हाय ते कागदावर, तुला कशी बायकू पायजे, आसं."

"थांब रं." झुंबरबाई दिपालीच्या जवळ सरकली आणि आवाज खाली आणून बोलली, "पोरी, खरं सांग. हुती ना? आमचं घर बघून ना म्हनली व्हय? का दुसरीकडं दिली? न्हाई, आसं आसंल तर तसं सांग. मी काय वाईट वाटून घेनार न्हाई. पर हुती एवढं तरी सांग."

दिपालीला त्या घडीला एक अपेक्षा नावाची मुलगी कुठूनही आणून उभी करता आली असती तर तिनं केली असती. तिनं नुसती मान हलवली. नव्हती.

झुंबरबाई खाली बसली. बसली म्हणजे काय, काउंटरला धरून, मग स्टुलाला धरून, मग हनुमंताच्या हाताला धरून, हप्त्याहप्त्यानं खाली गेली. मग म्हणाली, "काय म्हनलात गुर्जी, बघनं?"

"हो." गुरुजींचा आवाज आता शाळेतला राहिला नव्हता. "अप म्हणजे लांब. लांब कुठंतरी नजर लावून बसणं, ती अपेक्षा."

"आन ती उपेक्षा? बहीन तिची?"

"उपेक्षा. उप म्हणजे जवळ. जवळ असून नुसतं बघत राहायचं, हात लावायचा नाही, ती उपेक्षा."

"लांबचं बघता बघता डोळं गेलं माजं," झुंबरबाई म्हणाली. "आन जवळचं म्हनाल तर आख्खं गाव हाय. बघतंयच."

दिपालीनं चहा मागवला. चहा आला. मग तिला काहीतरी करायचंच म्हणून तिनं कॉम्प्युटर चालू केला, तो अर्धा राहिलेला कागद उघडला आणि हनुमंताला विचारलं, "भाऊ, मावशींना विचारलं तिथंच तर घोळ झाला. तुम्हीच सांगा. तुमची काय अपेक्षा?"

हनुमंताला हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. तो इकडं तिकडं बघायला लागला, जसं काय त्याच्या मागं दुसराच हनुमंत उभा असावा.

"सांगा की."

"कोयता धरनारी नको," तो म्हणाला.

झुंबरबाईनं मान वर केली. "काय म्हनला?"

"बायकू केली तर घरी ऱ्हाईल. फडात न्हेनार न्हाई मी."

"आर मग करायची कशाला!" ती ओरडली. बाहेरचा भेळवाला वळून बघायला लागला. "पूजेला? देव्हाऱ्यात ठिवायला? आर कोयता पुरा व्हावा म्हनून तर मी दारोदार हिंडतीया, नारळ घिऊन! आन हे लाटसाहेब म्हनत्यात कोयता धरनारी नको! मग मी कुठवर धरू? सांग की. मला नको सांगू, माज्या गुडघ्याला सांग!"

"तूबी नको धरू."

"मग खायाचं काय? ह्यो शर्ट?"

"मी जातो एकला."

"आर्ध्याला कोन गाडीत घेतंय रं येड्या!"

हनुमंत बोलला ते इतक्या हळू की दिपालीनं पंखा बंद केला.

"आये, तू मला पोटात घिऊन मोळ्या उचलल्यास. उसाच्या पाचटात जल्मलो मी. शाळंत नाव घातलं तरी निम्मं साल फडात. आता बायकू आनू, तिलाबी मोळी दिऊ, तिचंबी पोरगं पाचटात पडू दे. कवर? मला न्हाई व्हत. लगीन न्हाई झालं तर न्हाई."

कुणाच्या आईला हे ऐकून बरं वाटंल? पोटचं पोरगं कसं शहाणं बोललं म्हणून आनंद मानायचा, का आपला सुटायचा रस्ता त्यानंच बंद केला म्हणून रडायचं? झुंबरबाईनं दोन्हीतलं काहीच केलं नाही. ती गुडघ्यावर हात फिरवत बसली. कढत दुधाची पातेली उतरवताना बाई जशी तोंड घट्ट मिटते तशी तिनं मिटलं होतं. मग म्हणाली, "लिव्ह."

"काय लिहू?"

"त्यो म्हनतोय त्ये."

"मावशी, असं कुणी लिहीत नाही. ‘अनुरूप’ लिहू का?"

"आता ही आनुरूप कोन?" झुंबरबाई दचकून म्हणाली. "नको बाई, पुन्यांदा नको. त्यानं म्हनलं तसंच लिव्ह. कोयता धरनारी नको."

दिपालीनं लिहिलं. खण आणि नारळ झुंबरबाईनं काउंटरवर ठेवले. "परत कुठं न्हिऊ? तूच शीव," असं म्हणाली आणि पोराचा हात धरून उतरली.

दिपालीनं तो कागद आपल्या परीनं सगळीकडं धाडला. वधू-वरांचे जेवढे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होते, पार पारनेर, राजूरपर्यंतचे, तिथं टाकला. एकानं लिहिलं, "कोयता धरणारी नको, मग धरणार कोण, सासरा?" त्याला खाली हसणारी तोंडं लागली. एका मुलीच्या बापाचा फोन आला, दिपाली उभीच राहिली ऐकायला. त्यानं विचारलं, मुलगा ऊसतोडीला जातो का? हो म्हटल्यावर ठेवला. दिवाळी आली, पणत्या विझल्या, पण दुसरा फोन आला नाही. झुंबरबाईचा मात्र रोज यायचा, शेजारच्या मोबाईलवरून: "आलं का गं काई?" दिपाली रोज वेगळं काहीतरी सांगायची. सण आहे मावशी, लोक गडबडीत असतात. लग्नतिथी लांब आहेत मावशी. एक दिवस तिचं सांगायचं संपलं आणि तिनं फोन उचललाच नाही. उपेक्षा म्हणतात ती हीच का, असा विचार तिच्या मनात आला आणि तिनं घाईनं परत फोन लावला. तेव्हा कळलं, बाई शेजारणीला सांगून गेलीय: उद्या गाडी हाय.

दुसऱ्या दिवशी टोळीचा ट्रक माणसं घ्यायला दुकानासमोरच थांबला. मागं पत्र्याच्या पेट्या, चुलीची भांडी, शेळ्या, कोंबड्यांच्या पाट्या, आणि त्यावर माणसं, पोरं, म्हाताऱ्या. हनुमंत वर गठुड्यांवर बसलेला. झुंबरबाई खाली उभी, आणि तिच्यासमोर मुकादम बिभीषण, पोट पुढं, मोबाईल कानाला, त्याची थैली केबिनमधे आधीच जागा धरून बसलेली.

म्हणजे ती चालली होती. दिपालीला काही विचारायची गरजच पडली नाही. पोराचं म्हणणं कागदावर तसंच राहिलं होतं आणि त्याची भरपाई ही करणार होती, त्याच गुडघ्यांनी.

दिपाली कागदाच्या झेरॉक्स घेऊन पळत आली. "मावशी, या घ्या. तिकडं वाटा. सगळ्या जिल्ह्यांतली माणसं येतात ना फडावर?"

"येत्यात की. मी बघते," झुंबरबाई म्हणाली आणि कागद छातीशी धरले. मग मुकादमाकडं वळली. "मला म्होरं बसवा. माजं पाय मागं चढायचं न्हाईत."

मुकादमानं फोन खाली घेतला. "म्होरं? केबिनमधी? काय झुंबरबाई, कुठाय तुमची अपेक्षा? कोयता पुरा करनार हुतात न्हवं?"

मागची माणसं हसली. हनुमंतानं तोंड फिरवलं.

"न्हाई झाला. मी हाय."

"तुमी!" मुकादम म्हणाला. "गुडघं बघितल्यात म्या तुमचं. पोरगा आर्धा, तुमी त्याच्याबी निम्म्या. पाऊन कोयता धरलाय तुमाला, ते बी नवऱ्याची ओळख म्हनून. आन पुरं कोयतं मागं उन्हात बसनार, तुमी पावशेर बाई म्होरं बसनार व्हय? चढा मागं."

दिपालीला वाटलं, आता ही रडंल. झुंबरबाईनं पदर खोचला.

"मी पाव ना?"

"पाव."

"समद्यांनी ऐकलं का? पाव म्हनलं मुकादम." ती ट्रककडं बघून बोलली. "मग पाव मानसाला जागा किती लागती? पावच. तेवढी तुमच्या थैलीशेजारी हाय. तिथं मावते मी."

"आसं कुठं आस्तं काय? बसायला जागा पुरीच लागती."

"पुरी लागती?"

"लागतीच की! मानूस हाय का आदपाव हाय!"

"मग पुरी म्हना," झुंबरबाई म्हणाली. "पुरी म्हनला की मी ह्यी चढले मागं, हात धरून चढवतील बाया. पर मग फडातबी पुरी. मोजतानाबी पुरी. आत्ता म्हना, समद्यांम्होरं."

मुकादमानं वरच्या गर्दीकडं बघितलं, मग केबिनकडं. पुरी म्हणावं तर कोयता पुरा धरावा लागतोय, पाव म्हणावं तर केबिन द्यावी लागतेय. वरून एक बाई म्हणाली, "बोला की मुकादम, उन व्हतंय." ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

"पावच," मुकादम शेवटी म्हणाला. "बसा म्होरं."

झुंबरबाईनं दोन्ही हातांनी स्वतःचा एक पाय उचलून पायरीवर ठेवला, जसा आपण पाटा उचलून ठेवतो. दिपालीनं मागून आधार दिला. वरून हनुमंत बघत होता, या वेळी त्यानं नजर काढली नाही. दुसरा पाय यायला वेळ लागला. मग ती आत गेली, खिडकीशी बसली, आणि तिथंच थांबली नाही.

"आत या, मधी बसा, मुकादम."

"खिडकी माजी आस्ती."

"तुमी मावत न्हाई खिडकीत, वारं आडतंय. ड्रायव्हरशेजारी बसा."

मुकादम चढला, तिला ओलांडून मधे गेला आणि गियरचा दांडा गुडघ्यांत घेऊन अवघडून बसला. ट्रक हलला.

"आन ती थैली मांडीवर घ्या," झुंबरबाई म्हणाली. "माज्या पायाला लागतीया."

मुकादमानं घेतली.